दुर्गाबाईची टोपली

ही रात्रीची गोष्ट नाही. आधीच सांगतो, म्हणजे अंधार, पैंजण, वडाचं झाड असलं काही शोधत बसू नका.

जे घडलं ते भर दुपारी घडलं. लख्ख उन्हात.

एप्रिल २००४. आष्टी, तालुका परतूर, जिल्हा जालना. माझा चुलत भाऊ भुजंग, त्याच्या मळ्यात.

खोटं सांगून मला काय मिळणार? उलट लोक हसतात. कारण या गोष्टीत समुद्र आहे, आणि आमच्या जिल्ह्यातल्या निम्म्या लोकांनी समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिलाय.

पाच वर्षं गप्प होतो. मागच्या सोमवारपासून गप्प बसवत नाही.

तेव्हा मी नुकताच बी.एस्सी. झालो होतो. पुढं काय, ते ठरत नव्हतं. अशात कळलं की कोकणात समुद्री कासवं वाचवणाऱ्या एका संस्थेला पोरं हवी आहेत. काम गावकऱ्यांच्या सोबतीनं. पगार नाही, जेवण मिळेल. संस्थेवाले त्याला इंटर्न म्हणायचे. माझी आई म्हणायची, फुकटचा सालगडी.

मित्रांनी तर पार सळो की पळो करून सोडलं. “प्यायला पाणी न्हाई अन् हा समुद्र राखाया चालला!”

तरी गेलो. रत्नागिरीच्या खाली एक लहान गाव होतं. नाव सांगत नाही.

कासवीण किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करते, अंडी घालून निघून जाते. पूर्वी गावातलेच लोक ती अंडी उकरून बाजारात विकायचे. आता तेच लोक राखण करायचे. अंडी कुंपणाच्या आत आणून तसाच खड्डा करून पुरायची. पिल्लं वर यायची वेळ झाली की त्यावर टोपली पालथी घालायची. सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून बघायचं. पिल्लं दिसली की समुद्रात सोडायची.

एकच गोष्ट आम्हाला घोकून पाठ करायला लावली होती. पुरलेलं अंडं फिरवायचं नाही. वरची बाजू खाली गेली की आतलं पिल्लू मेलंच.

गावात एकेका घराकडं एकेक घरटं होतं. टोपलीला ज्या त्या घराची खूण बांधलेली.

दुर्गाबाईच्या टोपलीला तिच्या जुन्या लुगड्याची निळी चिंधी होती. साठीची विधवा. मूलबाळ नाही. दिवसभर टोपलीशेजारी बसून असायची. मी जवळ गेलो की ओठांवर बोट ठेवायची.

“हळू रे. झोपलीत माझी पोरं.”

गावातले लोक तिला हसायचे. मला मात्र ती फार आवडायची. सकाळचा चहा मी तिच्याच हातचा प्यायचो.

मार्चच्या शेवटी भुजंगदादा मला भेटायला आला. त्याची मोसंबीची बाग होती. त्याच्या वडिलांनी लावलेली, पोटच्या पोरासारखी वाढवलेली. दोन वर्षं पाऊस नव्हता. विहीर तळाला गेली होती. गावात बसून जीव जळतो म्हणून आला होता बिचारा. येताना ठेचा आणि धपाटे घेऊन आला.

चार दिवस राहिला. सगळं बघितलं. दुर्गाबाईशी तासन्‌तास बोलला. तिनंही त्याला चहा पाजला.

जायच्या आदल्या दिवशी मला म्हणाला, “गड्या, हे कासवं विहिरीत जगतेन का?”

मी हसलो. “दादा, खाऱ्या पाण्यातलं जनावर आहे हे.”

“तसं न्हाई. आपल्या रखमाजीनं विहिरीत कासव सोडलं व्हतं. बाप मेला, पोरगं म्हातारं झालं, पर विहीर आटली न्हाई. कासव हाय तर पाणी हाय.”

आमच्याकडं असं मानतात. मी हसण्यावारी नेलं. सकाळी उठलो तर दादा पहिल्या गाडीनं निघून गेला होता.

त्याच सकाळी दुर्गाबाईनं टोपली उचलली...

खाली नुसता खड्डा होता.

एकही अंडं नव्हतं.

सगळं गाव जमलं. सगळे तिच्याकडंच बघत होते. तरुणपणी ती अंडी विकायची, हे सगळ्यांना माहीत होतं. गावच्या राखण समितीच्या माणसानं तिच्या हातातून टोपली काढून घेतली. ती एवढंच म्हणाली,

“ज्यानं माझी पोरं नेली, त्याच्या दारात मी येईन. आणि ज्यानं त्या चोराला माझ्या वाळूवर आणलं, त्याच्याही दारात येईन. येताना समुद्र घेऊन येईन.”

दुसऱ्या दिवशी ती घरात नव्हती. कुंपणातली तिची टोपलीही नव्हती. होडीवाल्यांनी तिला पाहिलं होतं. डोक्यावर टोपली घेऊन ती पाण्यात चालत गेली. हाका मारल्या, वळली नाही.

प्रेत सापडलं नाही. टोपलीही नाही.

माझं मन तिथून उडालं. एप्रिलअखेरीला मी आष्टीला परतलो.

स्टँडवर उतरलो तर पहिलीच बातमी कानावर आली. पानटपरीवरचे तातेराव म्हणाले, “ऐकलं का? आख्ख्या शिवारात थेंब न्हाई, अन् तुह्या भुजंगच्या विहिरीला पाणी आलं! हात घालावा इतकं वर!”

मी थेट मळ्यात गेलो.

नंदावहिनीनं पाण्याचा तांब्या दिला. मी घोट घेतला...

आणि तिथंच थुंकला.

खारट. मचूळ नाही, क्षाराचं नाही. समुद्राचं पाणी. तीन महिने ती चव माझ्या तोंडात होती, मला कोण फसवणार?

“पहिल्या दिशी जरा मचूळ व्हतं,” वहिनी म्हणाली. “पाणी आलं म्हून आमी नाचलो भावजी. बागंला सोडलं. रोज खारट होत चाल्लंय.”

मी बागेकडं बघितलं. मोसंबीची पानं कडेनं करपली होती. प्रत्येक आळ्यात पांढरा थर साचला होता.

भुजंगदादा गोठ्यात बसला होता. महिन्याभरात निम्मा झाला होता. मला बघून उठलासुद्धा नाही.

“दादा,” मी विचारलं, “अंडी तू आणलीस?”

त्यानं कोपऱ्यातल्या डाल्याकडं बोट दाखवलं. डालं म्हणजे आमच्याकडची कोंबड्या झाकायची मोठी टोपली.

“कोंबडी खुडुक व्हती. तिच्याखाली ठिवले. म्हनलं पिल्लं निघतेन, विहिरीत सोडू, बाग वाचंल. मला काय मालूम... कोंबडी रोज उलथेपालथे करती ना अंडे. समदे सडले. वास सुटला. मंग विहिरीत टाकून देल्ते.”

“मग?”

“दुसऱ्या दिशी पाणी आलं.”

राग आला होता, आणि त्याचं तोंड बघून दयाही येत होती. मी त्याला सगळं सांगितलं. दुर्गाबाईवर आलेला आळ. टोपली हिसकावलेली. तिची शपथ. पाण्यात चालत गेलेली ती.

तो ऐकत राहिला. मग अगदी हळू म्हणाला,

“मंग बराबर हाय. तीच हाय.”

“कोण?”

“चल. ऊन बराबर डोक्यावर आलं की येती.”

आम्ही विहिरीवर गेलो. वारा पडला होता. चिटपाखरू नव्हतं. विहिरीला आत उतरायला दगडी पायऱ्या. पाणी अर्ध्या पायऱ्यांवर होतं.

आणि मग आवाज आला...

खळ्ळ... सर्रर...

खळ्ळ... सर्रर...

विहिरीतलं पाणी पायरीवर चढत होतं. आणि मागं जात होतं.

लाटेसारखं नाही. लाटच.

पायरीवर ओली वाळू होती. काळ्या मातीच्या आमच्या शिवारात पांढरी, बारीक वाळू. आणि वाळूच्या पलीकडं, पाण्याला लागून असलेल्या पायरीवर...

कुणीतरी पाठमोरं बसलेलं होतं.

ओलं लुगडं. पांढरे केस. शेजारी पालथी टोपली. काठाला निळी चिंधी.

तिनं टोपली उचलली. खाली बघितलं. परत ठेवली.

पुन्हा उचलली. पुन्हा ठेवली.

भुजंगदादानं हात जोडले. रडत म्हणाला, “माय, चुकलं. मला मालूम नव्हतं गं. उद्या मी तिकडं येतो. समद्या गावासमोर सांगतो का चोर मी हाय. तुह्यावरचा आळ काढतो.”

ती थांबली.

मान वळवली नाही. फक्त एक बोट उचलून ओठांकडं नेलं.

“हळू... झोपलीत माझी पोरं.”

आम्ही कसे पळालो ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं जायचं ठरलं. आधी जालना, तिथून पुढं कोकण. वहिनीनं भाकरी बांधल्या. दादानं नवीन धोतर-सदरा घातला. मळ्यातल्या घराच्या दारात दोघं उभे होतो, आणि तो एकदम थबकला.

“आवाज आला का रे?”

“कसला?”

“लेकरं रडून राह्यले. लई लेकरं...”

मला काही ऐकू आलं नाही. आईशप्पथ, काहीच नाही.

“दादा, चल. गाडी जाईल.”

“तू हो पुढं. मी जल्दी आलो.”

मी त्याचा हात धरला. त्यानं झटकला. त्या हडकुळ्या माणसात एवढा जोर कुठून आला, देव जाणे. तो बागेतून पळत सुटला. मी मागं धावलो, आळ्यात पाय अडकून पडलो. उठून पोचेपर्यंत विहीर शांत होती.

आत डोकावलो...

विहीर कोरडी होती.

ठणठणीत कोरडी. तळाच्या गाळाला भेगा पडलेल्या. वर्षभर थेंब नसावा अशी.

आणि त्या भेगांवर भुजंगदादा पालथा पडला होता. त्याच्या अंगातून पाणी निथळत होतं.

वहिनीची किंकाळी अजून माझ्या कानात आहे.

दादाचं हाड मोडलेलं नव्हतं. खरचटलंसुद्धा नव्हतं. डॉक्टरनं सांगितलं, बुडून मेलाय, छातीत पाणी आहे. पोलिसानं मला विचारलं, कुठल्या पाण्यात? मी काय सांगणार? त्याच्या तोंडात वाळू होती. पांढरी, बारीक.

बाग गेली. एक झाड वाचलं नाही. नंदावहिनी वाटूरला माहेरी गेली. तो मळा कुणी बटाईनंसुद्धा करत नाही.

नंतर मी त्या कोकणातल्या गावी गेलो. समितीसमोर सगळं सांगितलं. दुर्गाबाईवरचा डाग पुसला. वाळूवर नारळ ठेवला, माफी मागितली. वाटलं, संपलं. तिचा हिशोब दादाशी होता, तो तिनं चुकता केला.

शपथेचा दुसरा भाग मी विसरलो होतो. किंवा आठवूनही तिकडं बघत नव्हतो, असं म्हणा.

आता मी नवीन जालन्यात राहतो. बियाण्याच्या कंपनीत नोकरी आहे. दोन वर्षांपूर्वी लग्न झालं. बायको पुष्पा, तिला नववा महिना लागलाय. पहिलं बाळ. तिला यातलं मी काहीच सांगितलेलं नाही. पोटुशी बाईला कोण सांगेल?

सोमवारी दुपारी जेवायला घरी आलो. पुष्पानं पाण्याचा पेला दिला. घोट घेतला...

पेला हातातून सुटला.

“काय झालं?” ती म्हणाली.

“हे पाणी... तू हेच पितेस?”

“बोअरचंच हाय की. चार दिवस झाले, लई गोड लागून राह्यलंय मला.”

मी तिच्याकडं बघत राहिलो. ती मात्र खुशीत होती.

“अहो, मघा एक म्हातारी आल्ती. ओलीचिंब. मला तर दयाच आली. टॉवेल देल्ता, घेतला न्हाई. माझ्या पोटाकडं बघून म्हणे, किती दिवस राह्यले? मी म्हनलं, डॉक्टर सव्वा महिना सांगतेत. म्हणे, न्हाई, पंधरा दिवस. म्हणे, काळजी करू नको पोरी, राखण मी करते.”

“अजून काय म्हणाली?”

“काई न्हाई. टोपली ठिऊन गेली दारात. म्हणे, सकाळ-संध्याकाळ उचलून बघत जा.”

मी बाहेर गेलो. उंबऱ्याला लागून टोपली होती. पालथी. काठाला निळी चिंधी. चिंधीतून पाणी ठिबकत होतं.

आज शनिवार. टोपली तिथंच आहे. मी उचललेली नाही, पुष्पालाही उचलू दिलेली नाही. तिला माहेरी पाठवायचं म्हटलं तर ती जायला तयार नाही. म्हणते, इथं बरं वाटतं, गार वाटतं. एप्रिलच्या उन्हात तिला गार वाटतंय.

आज दुपारी ती पलंगावर पडली होती. मला जवळ बोलावलं. “कान लावून बघा ना. लई हलून राह्यलंय.”

मी वाकलो. तिच्या पोटाला कान लावला.

खळ्ळ... सर्रर...

खळ्ळ... सर्रर...

पुष्पानं माझ्या केसांतून हात फिरवला. हसून विचारलं, “आला का ठोका ऐकू?”

मी हो म्हणालो.