गाळलेली वाक्यं

राजापेठेतल्या चष्मेवाल्याने "तासाभरात या" म्हटलं, आणि बाहेर भाद्रपदातला चिवट पाऊस लागून राहिला होता. वडिलांचा चष्मा तयार होईपर्यंत उभं कुठे राहायचं? पौर्णिमा एक मजला वर चढली. ट्यूशन क्लासच्या हॉलमध्ये पडदे ओढून कुठला तरी युरोपातला सिनेमा दाखवत होते. शेवटच्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती.

पडद्यावर एक म्हातारं जोडपं समोरासमोर बसून सूप पीत होतं. बाई मुलीला काही सांगायची, मुलगी ते बापाला सांगायची. बाप हातभर अंतरावर होता. खाली मराठी वाक्यं उमटत होती, आणि पौर्णिमा खुर्चीच्या कडेला सरकून ती वाचत होती.

तिच्या घरी अकरा वर्षं हेच चाललं होतं. धाकट्या भावाला, शिवमला, ताप चढला तेव्हा आई, दुर्गाबाई, आत्ताच्या आत्ता नागपूरला न्या म्हणत होती. वडील, पुंजाजी, म्हणाले, सकाळी पाहू. ती सकाळ शिवमने पाहिली नाही. तेव्हापासून आई वडिलांशी एक शब्द बोलली नव्हती. जे काही असेल ते पौर्णिमामार्फत.

फोन थरथरला. आईच होती. "तुह्या बापाले सांग, शुगरची गोयी घेतली नाही त्यायनं."

पौर्णिमाने जिन्यात येऊन वडिलांना फोन लावला. ते आईसमोरच, त्याच खोलीत बसलेले असणार, हे तिला ठाऊक होतं.

"शेवट नाही पाहायचा का?" मागून आवाज आला. गळ्यात हेडफोन अडकवलेला एक तरुण दारात उभा होता. "मी नागसेन. अकोल्याचा. खालची मराठी वाक्यं माझी आहेत, म्हणून विचारून राहिलो."

"मघाशी एक कापलं तुमी," ती म्हणाली. "बाई केवढं बोलली. खाली नुसतं 'जेवून घ्या' आलं."

तो हसला. "दोन ओळींत बसवा लागते न! शिव्या पयले कापतो."

"मीही तेच करते... घरी."

"सिनेमे?"

"निरोप." हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. "आई म्हणते, गिळायचं असन तर गिळ म्हणा. मी सांगते, बाबा, ताट वाढलं."

नागसेन हसायचा थांबला. "अन् कापलेलं कुठं ठेवता?"

पौर्णिमा माती परीक्षण प्रयोगशाळेत काम करायची. रोज चाळीस नमुने गाळायची. कागदावर उरलेला गाळ कुठे जातो ते तिला पक्कं माहीत होतं. "शोधून कळवते," म्हणत तिने त्याचा नंबर घेतला.

मग मोबाइलवर निरोप सुरू झाले. दोन ओळींच्या वर जायचं नाही, असं ठरलं.

"इकडे पाऊस. तुमच्या मातीत ओल किती?"

"मोजून सांगते. घाई करू नये."

दिवाळीपर्यंत 'तुमी'चं 'तू' झालं. डिसेंबरात, बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीवर, तो कपाकडे बघत म्हणाला, "अकोल्याले ये न... कायमची."

"मी गेली तर एकमेकाले जेव कोण म्हणीन त्यायले?"

"मंग रविवारी तरी ये. तोच सिनेमा आहे. शेवट राह्यला तुहा."

तिने विचार केला. प्रयोगात करतात तसा एक घटक, म्हणजे ती स्वतः, काढून घ्यायचा, बाकी सगळं तसंच ठेवायचं, आणि काय होतं ते पाहायचं. "येते," ती म्हणाली. "फोन बंद ठेवीन."

अकोल्याच्या त्या लहानशा हॉलमध्ये तिने शेवट पाहिला. मुलगी बॅग घेऊन निघून जाते. त्यानंतर दहा मिनिटं दोघं टेबलाशी बसून राहतात. कुणी बोलत नाही. उजेड विझत जातो. संपलं.

"इथं मले काहीच काम नव्हतं," नागसेन कुजबुजला. अंधारात त्याने तिचा हात धरला.

तिने फोन सुरू केला. एकोणीस कॉल येऊन गेल्याचे मेसेज. नऊ आईचे, दहा वडिलांचे. शेवटचा बारा चाळीसचा. त्यानंतर दोन तास एकही नाही. तिने परत लावले, तर कुणीच उचलेना.

परतीच्या बसमध्ये नागसेन शेजारी बसला होता. सगळं ठीक होईल, असं तो एकदाही म्हणाला नाही. मूर्तिजापूरला त्याने एक संत्रं सोलून हातात धरलं. तिने खाल्लं नाही. त्यानेही नाही.

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. वडील खाटेवर, घामाने सदरा भिजलेला, हातात साखरपाण्याचा ग्लास. गोळी घेतली होती, पण जेवा म्हणून सांगणारं कुणी नव्हतं; उपाशीपोटी साखर उतरली होती. आई त्यांच्यासमोर जमिनीवर बसली होती. दोघांपैकी कुणीही दाराकडे पाहिलं नाही.

"मारलं तुमी शिवमले," आई म्हणाली. थेट वडिलांना.

"हो," वडील म्हणाले. "मीच."

"अकरा वर्सं हेच म्हणाचं होतं मले."

"मालूम होतं मले."

आईने पदराने नाक पुसलं. "ते पाणी संपवा. सगळं."

वडिलांनी ग्लास तोंडाला लावला. रिकामा करूनच खाली ठेवला.

पौर्णिमा पाय न वाजवता बाहेर आली. नागसेन पायरीवर बसला होता, संत्रं तसंच हातात.

"बोलले?"

"हो."

"चांगलं?"

"लय वाईट." ती दाराकडे बघत म्हणाली. "मी असती तर... कापून टाकलं असतं रे मी."

तो सरकला. ती शेजारी बसली. थोड्या वेळाने तिने त्याच्या हातातली एक फोड उचलली.

"अकोल्याच्या प्रयोगशाळेत जागा आहे का? बदलीचा अर्ज टाकते."

त्याने तिच्याकडे पाहिलं. उरलेलं संत्रं तिच्या हातात ठेवलं.

आतून आईची घोगरी हाक आली. पौर्णिमा सवयीने अर्धी उठली...

हाक तिच्यासाठी नव्हती, वडिलांसाठी होती. ती पुन्हा खाली बसली.