कुरणातले खड्डे आणि एक गाजर

मिस्टर लार्टरांचा डावा पाय खड्ड्यात होता आणि उरलेले मिस्टर लार्टर गवतावर आडवे होते. हातातली बादली पुढे उडाली होती आणि मेंढ्यांचा खुराक वाऱ्याने कुरणभर पसरला होता. मेंढ्यांना वाढण्याची ही पद्धत पसंत पडलेली दिसली.

"उचलू का?" कुंपणावरून उडी मारत ऑझीने विचारलं.

"बादली उचल! मला मी उचलतो!"

ऑझीच्या मागून हेटी आणि प्रू धावत आल्या. हेटी थर्टल बारा वर्षांची. पाच मिनिटं एका जागी बसणं तिला कधी जमलं नव्हतं, आणि सुट्टी संपत आल्यापासून तर तिच्या पायाला जणू भिंगरीच लागली होती. ऑझी तिचा मामेभाऊ; त्याच्या तोंडात नेहमी काहीतरी असायचं. प्रू शेजारची. तिला मोठेपणी वकील व्हायचं होतं आणि तोवरचा सराव ती या दोघांवर करत असे.

"हा खड्डा कुणाचा?" मिस्टर लार्टरांनी उठून गुडघा झटकला. "तो बघा दुसरा! तिकडे तिसरा! माझी डचेस परवापासून लंगडतेय, ती का ते आज कळलं!"

डचेस म्हणजे त्यांची सगळ्यात लाडकी मेंढी. ती खरंच तीन पायांवर उभी राहून खुराक खात होती.

मिस्टर लार्टरांची नजर हेटीच्या खांद्यावरच्या मेटल डिटेक्टरवर गेली आणि तिथेच थांबली.

"मी नाही!" हेटी ओरडली.

"मग कोण? तुझी आजी? अगं, तुझी आजी इतकी वर्षं माझ्या कुरणात खणतेय, पण कुठे खणलं ते मला आजवर सापडलेलं नाही! हे काम नवशिक्याचं आहे. आणि स्नेटरबी गावात नवशिकी एकच आहे."

"पुरावा?" प्रूने विचारलं.

"हा पाय!" मिस्टर लार्टरांनी चिखलाने भरलेला बूट तिच्यासमोर धरला. मग हेटीकडे वळून ते म्हणाले, "शनिवारी तुमच्या डिटेक्टर मंडळाचा मेळावा आहे माझ्या बागेत. तोवर येऊन खरं सांगितलंस, तर बंदी एकट्या तुला. नाही सांगितलंस, तर तुला आणि तुझ्या आजीला, दोघींना! माझ्या जमिनीवर पाऊल टाकायचं नाही!"

आणि ते लंगडत निघून गेले. डचेसही त्यांच्या मागून लंगडत गेली.

हेटीची आजी पूर्वी साखर कारखान्यापर्यंत साखरेच्या बीटचे ट्रक चालवायची. अजूनही ती चहाचा कप असा धरायची, जणू तो स्टिअरिंगसारखा वळवायचा आहे.

"बस गं एका जागी," ती म्हणाली.

हेटी बसली. उठली. फ्रिज उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. "आजी, मी गवतात खणलेलं नाही. शप्पथ!"

"ठाऊक आहे मला. पिनपॉइंटर नाही तर गवत नाही, असं ठरलंय ना आपलं?"

तिने खिशातून स्वतःचा पिनपॉइंटर काढून टेबलावर ठेवला. वीतभर लांब, टोकाला निमुळता, भगवा. गावात सगळे त्याला गाजरच म्हणत.

"पण हे गाजर एवढं लागतंच का?" ऑझी सँडविच खाताखाता म्हणाला. "डिटेक्टर ओरडतो की, 'इथे आहे, इथे आहे'!"

"डिटेक्टर म्हणजे आपला पोस्टमन रे. 'त्या गल्लीत कुणीतरी राहतं' एवढंच सांगणार. दार दाखवतं ते हे. नांगरलेल्या रानात चालतं याच्यावाचून. माती भुसभुशीत, मूठमूठ घ्यायची, डिटेक्टरसमोर धरायची, मिळतंच. पण गवतात? बशीएवढी चकती कापायची, गाजर आत घालायचं, गुरगुरलं की वस्तू उचलायची, चकती परत बसवायची. गवताला कळतसुद्धा नाही. गाजर नसेल तर माणूस खणत सुटतो."

"मिस्टर पिमलॉट तर म्हणाले, नवशिक्याला गरज नाही!" हेटी म्हणाली. मंडळाचे अध्यक्ष मिस्टर ऑब्री पिमलॉट यांनी तिला साठवलेले सगळे पैसे डिटेक्टरवरच घालायला सांगितलं होतं. 'पिनपॉइंटर? छे! देवाने दहा दिलेत!' असं म्हणून त्यांनी दहाही बोटं तिच्या नाकासमोर नाचवली होती.

आजीने फक्त चहा ढवळला. साखर ती घेत नसे.

"आजी..." हेटी खिडकीकडे वळून म्हणाली, "मी सांगून टाकू का, की मीच खणले? मग तुझं कुरण तरी राहील."

"आणि मी त्या कुरणात कुठल्या तोंडाने फिरू?" आजी कडाडली. "असलं कुरण नको मला!"

पण मग ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. गवतावर वाऱ्याच्या लाटा जात होत्या. बराच वेळ ती तिकडेच बघत होती, आणि हेटीला ते दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघंही कुरणात हजर.

"पकडलं तर?" ऑझीने विचारलं.

"कुरणातून गावची पायवाट जाते," प्रू म्हणाली. "पायवाटेवरून राजाही कुणाला हटवू शकत नाही. फक्त खाली उतरू नका."

पायवाटेवर उभं राहून जेवढं वाकता येतं तेवढी ती वाकली. ऑझी तर पोटावर झोपला. पाय पायवाटेवर, डोकं खड्ड्यात.

"घमेल्याएवढा आहे! आधी छोटा खणलाय. मग इकडे वाढवला, मग तिकडे, मग परत इकडे. बाजूला बोटांचे ओरखडे आहेत. माती अर्धी आत ढकललीय, अर्धी तशीच बाहेर."

"म्हणजे आत काहीतरी आहे हे त्याला कळत होतं, पण नेमकं कुठे ते कळत नव्हतं," हेटी म्हणाली. "त्याच्याकडे गाजर नव्हतं!"

"हे तुझ्याविरुद्ध जातं," प्रू म्हणाली.

"तू कुणाच्या बाजूची आहेस गं?"

"सत्याच्या. आणि थोडीशी तुझ्या."

ऑझीने खड्ड्याकाठची मूठभर भंगार गोळा करून वर दिली. सगळ्या थंडपेयांच्या डब्यांच्या कड्या! दुसऱ्या खड्ड्यापाशीही कड्या. तिसऱ्यापाशीही.

हेटी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचू लागली. "एकही खिळा नाही! बघा ना! लोखंडाच्या आवाजावर तो खणतच नाहीये. डब्याची कडी आणि सोन्याची अंगठी, दोन्हींना डिटेक्टर सारखाच ओरडतो. त्याला अंगठी हवीय!"

"खजिन्यातली?"

"नाही," प्रू हळूच म्हणाली. "खजिना शोधणारा कुरणभर फिरेल. हे खड्डे बघ. पायवाटेच्या कडेकडेने थेट त्या ब्लॅकबेरीच्या जाळीपर्यंत, एका ओळीत. हा माणूस गेला तसाच परत शोधत आलाय. त्याची स्वतःची अंगठी हरवलीय!"

वाऱ्याने प्रूची टोपी उडवली. कुणी तिच्यामागे धावलं नाही.

"मंडळात गाजर कुणाकुणाकडे नाही?" प्रूने विचारलं.

"सगळ्यांकडे आहे," हेटी म्हणाली. "मी सोडून. आणि..."

ऑझीचं चावणं थांबलं. हे क्वचितच घडे. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि तिघांनीही एकाच वेळी दहा बोटं वर करून नाचवली.

"अध्यक्ष?" ऑझी पुटपुटला. "पण 'खड्डे बुजवा, मान राखा' ही पाटी त्यांनीच रंगवलीय!"

"म्हणूनच आपलं कुणी ऐकणार नाही!" हेटी म्हणाली. "सांगून उपयोगच नाही. दाखवायलाच हवं."

शनिवारी मिस्टर लार्टरांच्या सफरचंदाच्या बागेत मंडळ जमलं. किटलीतून चहा, ताटात सॉसेज रोल आणि ताटाशेजारी ऑझी. मिस्टर लार्टर एका झाडाला टेकून, हाताची घडी घालून उभे होते. ते हेटीच्या उत्तराची वाट बघत होते. आजी त्यांच्याकडे बघत नव्हती.

मिस्टर पिमलॉट खुर्चीवर चढून बोलत होते. त्यांच्या टोपीवर इतके बिल्ले होते की डिटेक्टर जवळ आणायची सोय नव्हती. "...आणि लक्षात ठेवा, जमीन आपली नाही! आपण पाहुणे आहोत! पाहुणा यजमानाच्या गालिच्याला भोक पाडतो का?"

"नाही!" मंडळ म्हणालं. दरवर्षी हेच विचारलं जाई.

हेटीने हात वर केला. कुणी बघेना, म्हणून तिने दुसराही वर केला. "मिस्टर पिमलॉट, नवशिक्याला पिनपॉइंटर लागतो का?"

"छे!" दहा बोटं हवेत नाचली. "देवाने..."

"दाखवाल? मी नवशिकी आहे ना. बघितल्याशिवाय मला कळत नाही."

लोक हसले. अध्यक्षही हसले. एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणायचं? हेटीने गवतावरून डिटेक्टर फिरवला. एका जागी तो 'टुंई!' करून ओरडला.

"इथे आहे काहीतरी. काय ते मलाही ठाऊक नाही."

मिस्टर पिमलॉटनी बाह्या सारल्या आणि नीटस चकती कापली. आत बोटं घातली. काही नाही. डावीकडे जरा वाढवलं. काही नाही. मग उजवीकडे. मग ते गुडघ्यावर बसले. मग टोपी काढली. माती दोन पायांमधून मागे उडू लागली, बीळ उकरणाऱ्या कुत्र्याच्या मागे उडते तशी.

"मिळेल, मिळेल!" ते खड्ड्यातून म्हणाले. "बोटांना कळतं!"

हसणं थांबलं. मंडळी खड्ड्याकडे बघू लागली. घमेल्याएवढा, इकडे वाढवलेला, तिकडे वाढवलेला, कडांवर बोटांचे ओरखडे. मिस्टर लार्टर झाडापासून सावकाश पुढे आले आणि खड्ड्याकडे असे बघत राहिले, जसं कुणी जुन्या ओळखीच्या माणसाकडे बघतं.

"ह्याला मी भेटलोय," ते म्हणाले.

हेटीने आजीचं गाजर घेतलं आणि ते खड्ड्यात घातलंच नाही. मागे उडालेल्या मातीच्या ढिगाला टोक लावलं. गाजर गुरगुरलं. तिने ढेकूळ फोडलं, आणि आतून घोड्याच्या साजाचं जुनं पितळी बक्कल निघालं.

"ते केव्हाच बाहेर आलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही नुसतेच खोल जात होता."

"मिस्टर पिमलॉट," प्रूने विचारलं, "ब्लॅकबेरीच्या जाळीपाशी तुमचं काय हरवलं?"

त्यांचा उजवा हात आपोआप डाव्या हाताच्या बोटावर गेला. बोट मोकळं होतं. त्यावर अंगठीचा पांढरा वळ होता.

"हेटी नाही..." मिस्टर पिमलॉट खड्ड्याच्या काठावर बसूनच म्हणाले. त्यांचा आवाज खुर्चीवरच्या आवाजापेक्षा खूप लहान होता. "मी खणले. लग्नातली अंगठी. ब्लॅकबेरी तोडताना निसटली. माझी बायको, मेव्हिस, तिच्या बहिणीकडून उद्या येतेय. मंडळाला सांगणार कसं? 'सावध माणसाचं काही हरवत नाही', असं दर महिन्याला मीच सांगतो ना!"

"आणि माझ्या नातीवर आळ आला तेव्हा?" आजीने विचारलं. एवढंच विचारलं, पण जवळचे दोघे मागे सरकले.

"मला वाटलं, अंगठी मिळाली की लगेच सांगेन."

आजीने त्यांच्याकडे पाठ फिरवली.

हेटी मात्र ढिगाकडे बघत होती. अचानक ती ओरडली, "एखाद्या खड्ड्यात आवाज येत होता आणि मग बंद झाला, असं झालं का?"

"झालं की! शेवटून दुसऱ्या, जाळीजवळच्या. आधी छान वाजत होतं. खणलं, परत डिटेक्टर धरला, तर शांत! म्हटलं, भास झाला. सोडून दिला."

"भास नाही! ती खड्ड्यातून बाहेर आली होती, म्हणून खड्डा शांत झाला! ती ढिगात आहे!"

हे बोलेपर्यंत ती फाटकाशी पोचलीसुद्धा होती. मागून ऑझी, प्रू, अख्खं मंडळ, आणि सर्वांत मागे लंगडत मिस्टर लार्टर. फाटकाशी हेटी एकदम थबकली. बंदी!

"अगं जा!" मिस्टर लार्टर गरजले. "थांबतेस काय!"

जाळीजवळच्या ढिगाला तिने गाजर लावलं. शांत. दुसऱ्या बाजूला. शांत. एक उपटलेला गवताचा झुपका तेवढा उलटा पडला होता. त्याच्या मुळांना टोक लागलं, आणि गाजर असं गुरगुरलं की डचेसने मान वर केली. हेटीने बोटांनी मुळं विंचरली. सोनं चमकलं.

मिस्टर पिमलॉटनी अंगठी घातली आणि बराच वेळ नाक पुसलं. मग ते सगळ्यांसमोर म्हणाले, "हेटी, मी चुकीचं सांगितलं आणि चुकीचं वागलो. मला माफ कर. नवशिक्याला पिनपॉइंटर लागतो. अध्यक्षाला तर लागतोच." मग ते फावडं घेऊन पहिल्या खड्ड्याशी गेले. सगळे खड्डे नीट बुजवून होईपर्यंत ऑझी शेजारी उभा राहून देखरेख करत होता. सॉसेज रोलचं ताट त्याने बरोबर आणलं होतं.

मिस्टर लार्टर पितळी बक्कल अंगठ्याने पुसत हेटीजवळ आले. "माझ्या आजोबांच्या घोड्याचं दिसतंय," ते म्हणाले. मग त्यांनी घसा साफ केला. "तुला बोललो ते... हं. सोमवारपासून ये. कुरणात. आजीला घेऊन. आणि ह्या दोघांनाही." त्यांनी बक्कल खिशात टाकलं. "आजचं काम वाईट नव्हतं." आणि वळून ते मेंढ्यांकडे निघून गेले.

घरी जाताना हेटी आजीच्या पुढे धावायची, मागे यायची, पुन्हा पुढे धावायची.

"एवढंच म्हणाले ते!" ती कुरकुरली. "मी सगळं शोधून काढलं, आणि म्हणे 'वाईट नव्हतं'!"

आजी रस्त्यात थांबली. "लार्टर 'वाईट नव्हतं' म्हणाला? स्वतःच्या तोंडाने? चार लोकांसमोर?"

"हो. का?"

"अगं पोरी, एका वर्षी त्याच्याकडे गहू इतका आला की कोठारात मावेना. सगळं गाव बघायला गेलं होतं. तेव्हा तो म्हणाला होता, 'चालेल.'"