सड्यावर मारलेली हाक

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण ही माझ्या सख्ख्या मावशीची गोष्ट आहे. मावशीने आयुष्यात एकदाच थाप मारली, आणि तीच अंगाशी आली.

मनालीमावशी अंबरनाथ पश्चिमेला राहते. लग्न केलं नाही. गेल्या वर्षी आजी गेली, तेव्हापासून घरात एकटीच. रोज रात्री मला फोन. "स्वप्नाली, जेवलीस का गं?" मी बदलापूरला, म्हणजे पुढच्याच स्टेशनला. तरी जाणं व्हायचं नाही. निमित्तं काय, हजार मिळतात.

डिसेंबरात ती बदलापूरच्या विक्रांतच्या टूरबरोबर तारकर्लीला गेली. बरेचसे स्कूबाला गेले. मावशीचा कान दुखरा, पाण्याखाली जायला डॉक्टरांची बंदी. अशा लोकांसाठी विक्रांतने जमिनीवरची सहल ठेवली होती. जीपने सड्यावर जायचं, कातळात कोरलेली जुनी चित्रं बघायची.

सडा म्हणजे नुसता काळा कातळ. झाड नाही, घर नाही. भर दुपारची वेळ.

जीपवाला नाथा म्हणाला, "सड्यार नाव घेवन कोणाक हाक मारू नकात हां."

सगळे हसले.

विक्रांत म्हणाला, "पाण्याखाली कसा प्रत्येकाला बडी, म्हणजे जोडीदार असतो, तसं इथेपण जोडीने चला. मागे कोणी राहायचं नाय."

झाल्या जोड्या. नवराबायको, मायलेकी. मावशी उरली.

टूरमध्ये रविना नावाची नवी नवरी होती. ती कळवळून म्हणाली, "काकी, तुम्ही एकट्याच आलात?"

हा प्रश्न मावशीने लग्नात ऐकला, बारशात ऐकला, बिल्डिंगच्या जिन्यात ऐकला. त्या दिवशी तिचं डोकंच फिरलं.

"एकटी कशाला? हर्षदा आहे ना. मागून येतेय."

हर्षदा नावाचं कोणी नव्हतंच हो! तोंडाला आलं ते नाव घेतलं.

आणि थाप खरी वाटावी म्हणून तिने मागे वळून हाकही मारली. "हर्षदा, ये गं लवकर!"

समोर रिकामा सडा. वारा पडलेला...

"आले गं..."

बाईचा आवाज. जवळून.

"आल्या वाटतं," रविना म्हणाली आणि नवऱ्याचा हात धरून पुढे निघून गेली.

मावशीने पुन्हा वळून पाहिलं, कोणीच नव्हतं. पण सांगणार कोणाला? आणि काय सांगणार?

परतताना जीपमध्ये दाटीवाटी होती. तरी मावशीच्या शेजारची जागा रिकामीच राहिली. कोणी तिथे सरकलं नाही. नाथाने एकदा आरशात पाहिलं, आणि आरसाच वर वळवून टाकला.

मावशी अंबरनाथला आली. कुलूप उघडलं. आजी असताना ती दारातूनच ओरडायची, "आले गं!" ती सवय काही सुटली नव्हती, त्या दिवशीही ओरडली.

"आले गं..."

स्वयंपाकघरातून...

"ये."

बराच वेळ ती जिन्यात बसून होती. मग गेली आत. जाणार कुठे बिचारी?

हे तिनेच मला फोनवर सांगितलं. मी म्हटलं, "मावशी, कोणालातरी विचारू. काहीतरी करू."

"कशाला?" ती शांतपणे म्हणाली. "वर्षभरात या घरात माझ्या हाकेला कोणी ओ दिली होती का?"



मग तिचे फोन बंद झाले. मी केला तर म्हणायची, "नंतर बोलू गं, हर्षदाने वाढलंय." मागे ताटाचा आवाज यायचा...

गेल्या रविवारी फोन मावशीने उचललाच नाही.

"ती झोपलीये," कोणीतरी म्हणालं. "तू स्वप्नाली ना? कधी येतेस? ...का आम्हीच येऊ?"

मी फोन ठेवला. सकाळी जायचं ठरवलं. गेले नाही. भीती वाटली, खोटं कशाला बोलू?

काल संध्याकाळी माझं दार वाजलं.

"स्वप्नाली, उघड गं..."

आवाज मावशीचाच होता. थकलेला.

मी ओ दिली नाही. दाराला पाठ लावून उभी राहिले. आणखी एकदा हाक आली. मग चपला जिना उतरत गेल्या.

एकाच बाईच्या चपला होत्या. मावशी एकटीच आली होती.

तेव्हापासून मावशीचा फोन लागत नाहीये.