शेवटच्या दारातला निरोप

“अहो, पिवळ्या रेषेच्या मागे व्हा!”

ती दचकून मागे सरकली. फलाटावरच्या धुक्यात, गळ्यात स्टॉपवॉच अडकवलेला एक तरुण उभा होता. जलद गाडी येऊन थांबली, तेव्हा तो तिच्याकडे नाही, दारांकडे बघत राहिला. तिला उगाचच राग आला.

दुसऱ्या दिवशी तिनेच विचारलं, “काय हो घड्याळवाले, गाडीची नाडी बघता का?”

“वेळापत्रक बसवतो मी. या छोट्या स्टेशनावर गाडी किती रेंगाळते, ते महिनाभर मोजायचंय.”

“आणि रेंगाळली तर?”

“मागच्या गाड्या सिग्नलला तिष्ठतात. गर्दीच्या वेळी एक अडली, की सगळी माळच अडते.”

“माळ ओढताना मणी अडला, तर थांबून सोडवतात. ओढून तोडत नाहीत.”

तो हसला... त्याच्या गालाला खळी पडते, हे तिला दिवसभर नको तेव्हा आठवत राहिलं.

ती रक्ततपासणी केंद्रात होती. उपाशीपोटी आलेली म्हातारी माणसं तिच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली असत. घरी वडील अंथरुणाला खिळलेले. शेजारच्या मावशी त्यांच्यापाशी येऊन बसल्या, की मगच हिचा पाय उंबऱ्याबाहेर पडायचा. त्यानंतर वेळेवर पोचवणारी गाडी ही एकच.

तरी ती हळूहळू सगळ्यांच्या शेवटी चढू लागली, गार्डशेजारच्या शेवटच्या दारातून.

“चढा आता. दार मिटेल.”

“मिटू दे. तुम्ही आहात ना उघडायला?”

“मी नुसता मोजतो.”

“मग मोजा की... मी किती वेळ बघते ते.”

त्याचे कान लाल व्हायचे. गार्ड वैतागून ओरडायचा, “ताई, नवरी सासरी निघाली तरी इतकी घुटमळत नाही हो!”

महिना सरला. त्या सकाळी त्याच्या गळ्यात घड्याळ नव्हतं.

“थांबा रद्द झाला. सोमवारपासून गाडी इथून सरळ जाईल.”

“कशामुळे?”

“मोजलेला वेळ आधीच काठावर होता.” त्याने मान खाली घातली. “शेवटच्या दाराने घालवलं.”

शेवटचं दार... तिचंच.

“ठाऊक असून बोलत राहिलात?”

“तू बोलत होतीस,” तो पहिल्यांदाच एकेरीवर आला. “मला ते थांबवता आलं नाही.”

“आणि आकडा? तोही बदलता आला नाही?”

“मागच्या गाडीतल्या माणसांच्या वाटेकडेही कुणीतरी डोळे लावून बसलेलं असतं गं.”

खरं होतं, म्हणूनच ते जिव्हारी लागलं.

“लग्न कर माझ्याशी. मोठ्या स्टेशनाजवळ राहू, तुझ्या बाबांना घेऊन. सगळ्या गाड्या थांबतात तिथे.”

हेच ऐकायला ती महिनाभर दारात घुटमळली होती. तिने डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं.

“काल विचारलं असतंस, तर पुढचं ऐकायच्या आधीच हो म्हटलं असतं. आज हो म्हटलं, तर तुझ्यासाठी म्हटलं की गाडीसाठी... माझं मलाच कळायचं नाही. आणि तुलाही.”

त्या दिवशी ती पहिल्या दाराने चढली.

आता ती वेळेवर पोचणार नाही, म्हणून केंद्राने तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली. तरी सोमवारी, सवयीने, ती फलाटावर आली. गाडी धडधडत आली. शेवटच्या दाराच्या काचेवर आतून त्याचा तळहात टेकलेला होता. तिने हात उचलला... तोवर काच निघूनही गेली होती.

उडालेला पदर सावरून तिने खाली पाहिलं. ती पिवळ्या रेषेच्या मागेच उभी होती.