शनीपल्याडचा तांडा

नेरच्या स्टँडवर त्या दिवशी पेटीला बसायला जागा मिळाली, आणि एका धडधाकट माणसाला यवतमाळपर्यंत उभं राहावं लागलं. सुरुवात झाली ती इथून.

एकसष्ट सालचा मार्गशीर्ष होता. बाजारात कापूस आलेला, त्यामुळे स्टँडभर कापसाचे तंतू उडत होते. वामनबुवांचं आदल्या दिवशी नेरात कीर्तन झालं होतं. आता ते, मृदंगावरचे मारोतराव आणि पेटी वाजवणारी बुवांची लेक शेवंता, असे तिघं कळंबला परत निघाले होते. कंडक्टर म्हणाला, "पेटी टपावर टाका."

"टपावर?" शेवंतानं पेटी पोटाशी धरली. "हिच्यात सरस्वती राह्यते. तुमी बसता का टपावर?"

कंडक्टर काही बोलणार, तोच खिडकीपाशी बसलेला एक तरुण उठला. "बसू द्या तिले माह्या जागेवर. मी उभा राह्यतो."

"तुमी कायले उभे राह्यता जी?"

"मास्तर आहो मी. उभं राह्याचाच पगार भेटते." तो हसला. "पेटीचं तिकीट काढलं काय?"

"तीन वर्साची हाय," शेवंता म्हणाली. "अर्धंबी लागत नाही."

मोटार सुटली. तो दांडीला धरून उभा, आणि पेटी ऐटीत खिडकीपाशी. त्याच्या काखेत एक वही होती. तिच्यावरची अक्षरं शेवंताच्या डोळ्यांसमोरच डुलत होती – शनीपल्याडचा तांडा. तिनं कानाच्या पाळीला हात लावला.

"शनीचं नाव घेऊन मोटारीत कायले बसता?"

"गोष्ट हाय. मी लिहून राह्यलो." तो थोडा वाकला, आवाज खाली आणला. "रशियाचा माणूस आभाळात चक्कर मारून आला, पेपरात वाचलं ना? उद्या लोक शनीच्या पल्याड वस्ती करतीन. तिथं ना राजा, ना पोलीस. लुटारूच लुटारू. मंग त्या वस्त्याइले मीठ कोण पोचवीन?"

"मीठ?"

"मिठाबिगर वस्ती होते काय? तर बावन्न विमानं हायेत. कोणत्याच सरकारच्या कागदावर त्यायचं नाव नाही. अंधारात येतात, लुटारूइले चकवतात, मीठ उतरवतात, अन् जातात. कोणाले पत्ता नाही. तांड्याचे दोन कायदे – नायकानं दिवा लावू नाही, अन् नाव सांगू नाही. एक दिवा लागला की साऱ्या तांड्याचा ठिकाणा लुटारूले कयते."

शेवंता टक लावून पाहत राहिली. एवढ्या शहाण्या चेहऱ्याचा माणूस असलं काही बोलतो...

"हे सुचते कसं तुमाले?"

"माह्या आजानं बैलाच्या पाठीवर मीठ वाह्यलं, समुद्राकाठून थेट वऱ्हाडात. रानात चोर लागत, म्हणून चूल विझवून रात काढत. आजा बैलावर वाहे, मी वहीत वाहतो." मग तो म्हणाला, "तुमच्या केसात एक ढग अडकला हाय."

तिनं हात लावून पाहिलं. कापसाचा पुंजका. तो काढताना तिचे कान का तापले, ते तिला यवतमाळ येईपर्यंत कळलं नाही.

हे राठोड मास्तर कळंबजवळच्याच एका बंजारा तांड्यावर शाळा शिकवत. पुढं दर एकादशीला चिंतामणीच्या देवळापुढच्या मांडवाबाहेर, कडुनिंबाला टेकवलेली त्यांची सायकल दिसू लागली. कीर्तन संपलं की एकच विचारणा.

"पेटीची तब्येत कशी हाय?"

"सर्दी झालती. आता बरी हाय."

"अन् हा अंगठ्यावरचा डाग? हा पेटीचा, का तुमचा?"

"माहाच. लहानपणी बाबाच्या आरतीचं ताट धरलं होतं, तवा निरांजनाचा चटका बसला. पण ताट सोडलं नाही मी."

"नाही सोडलं?"

"देवाचं ताट सोडते काय कोणी?"

एवढंच बोलणं. पण पुढची एकादशी पंधरा दिवसांनी येते, हे शेवंताला पहिल्यांदाच फार लांब वाटायला लागलं.

आणि माघाच्या तोंडावर अष्टग्रही आली. मकर राशीत आठ ग्रह एकत्र येणार, पृथ्वी उलथणार, अशी आवई उठली. गावोगाव जप, होम, नामसप्ताह. कळंबात लोक दिवस मावळायच्या आत दारं लावून घेऊ लागले. वामनबुवांनी तीन दिवस कीर्तन लावलं, तेही उजेड असतानाच. त्यांना नवग्रहांचं आख्यान हवं होतं. नेरच्या त्यांच्या गुरुबंधूंकडं त्याची वही होती, आणि राठोड मास्तर शुक्रवारी नेरला आपल्या घरी जात होते. बुवांनी त्यांनाच वही आणायला सांगितलं.

घरात दुसरीही एक हालचाल चालली होती. वणीचं एक स्थळ आलं होतं. ग्रह टळले की सोमवारी पाहुणे येणार होते, आणि शेवंताची आई तानाबाई आतापासूनच पितळी घासत होती. शेवंता तिला राख पुरवत राहिली. बोलणार तरी काय? ती कुणब्याची, तो तांड्यातला. आणि झालं काय होतं दोघांत? पेटीची सर्दी.

शनिवारी दुपारी अवेळी भुरभुर पाऊस लागला. मास्तर ओसरीवर आले ते ओलेचिंब. त्यांनी सदऱ्याच्या आतून लाल फडक्यात बांधलेली वही काढली.

"हे बुवाइचं नव्हे," ते हळूच म्हणाले. "नेरची वही पिशवीत भिजली. शाळेत चुलीपाशी वाळत ठेवली, कीर्तनाच्या आंधी आणतो. ही... ही तुमच्यासाठी हाय."

"माह्यासाठी? काय हाय याच्यात?"

"तांडाच हाय." ते पायरी उतरले, पुन्हा वळले. "वणीवाले सोमवारी येऊन राह्यले म्हणे?"

"हाव."

"मंग सोमवारच्या आंधी वाचजा."

सायकल गेली. शेवंताची बोटं गाठीशी पोचलीच होती, तेवढ्यात मागून बुवा आले. "आली काय नेरची वही?" आणि त्यांनी ती तिच्या हातातून घेतलीसुद्धा.

"बाबा, ते..."

"सोडू नको गाठ. नवी वही गादीवरच उघडा लागते. आधी वाचली की आख्यान शिळं होते."

ही वामनबुवांची जन्माची रीत. ही वही माझी आहे, मास्तरांनी मला दिली, असं कोणत्या तोंडानं सांगणार?

कीर्तन उभं राहिलं. पाऊस थांबला होता, पण मांडव अजून ठिबकत होता. भ्यालेलं सगळं गाव दाटीवाटीनं बसलेलं. आणि लाल फडक्यातली ती वही – शेवंताच्या पेटीवरच ठेवलेली. हातभर अंतरावर. सूर भरताना भात्याच्या वाऱ्यानं फडक्याचं टोक हलत होतं.

पूर्वरंगात बुवा रंगले. "आठ ग्रह म्हणता? अरे, सूर्य अन् शनी बाप-लेक असून वैरी. चंद्राले केतू गियते. असे एकमेकाचे उभे दावेदार आज एका घरात, एका पंगतीत बसले, अन् आपण भेतो. भ्यावं आपण आपल्यालेच. आपल्या गावात एका घरात चार माणसं बसवा म्हटलं तर आपण आधी जात इचारतो. ग्रहाइले जमलं ते आपल्याले जमलं नाही."

माना डोलल्या. शेवंताचं लक्ष वहीवर. तिनं कोपरानं ती हळूहळू सरकवली, पेटी आणि मृदंगाच्या मधल्या फटीत पाडली. हुश्श म्हणते, तोच मारोतरावांनी ती उचलली, कपाळाला लावली आणि पुन्हा पेटीवर ठेवली. "वही पडली वं माय. पाय लागन कोणाचा."

पूर्वरंग संपला. बुवांना बुक्का लागला, गळ्यात हार पडला, आणि त्यांनी पेटीवरची वही उचलली. त्याच वेळी मांडवाच्या कडेला राठोड मास्तर येऊन उभे राहिले. छातीशी नेरची वाळलेली वही. त्यांनी बुवांच्या हातातलं लाल फडकं पाहिलं, आणि त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला.

बुवांनी चष्मा लावला. "आज वही हातात घेऊन सांगतो, माफी असावी." आणि वाचू लागले. शनीच्या पल्याड कोणाचं राज्य नाही. तिथं बावन्न काळी विमानं...

शेवंताला वाटलं, आता बाबा थांबतील. पण विमानं पुराणात काय कमी आहेत? बुवांना जराही शंका आली नाही. आठ दिवस शनीच्या नावानं कापणारं गाव ऐकत राहिलं – शनीच्याही पल्याड, लुटारूंच्या मुलखात, कोणीतरी गुपचूप मीठ पोचवतं आहे. बाया हात जोडून बसल्या. मारोतरावांनी लुटारूंच्या पाठलागाला अशी थाप मारली की मागची मुलं उठून उभी राहिली.

"...अन् एके दिवशी एका थांब्यावर नायकानं एक मुलगी पाह्यली. तिच्याजवळ सुरांची पेटी. सारे म्हणाले, पेटी टपावर टाका. ती म्हणाली, हिच्यात सरस्वती राह्यते..."

मारोतरावांची थाप चुकली. ते त्या मोटारीत होते. त्यांनी मान वळवून शेवंताकडं पाहिलं, आणि मग मांडवाच्या कडेला उभ्या मास्तरांकडं. त्यांच्या पाठोपाठ आणखी एक मान वळली. आणखी एक. शेवंताला वाटलं, आता खरंच पृथ्वी उलथावी.

"...तिच्या केसात ढग अडकतात. तिच्या सुराच्या अदमासानं बावन्न विमानं अंधारात वाट काढतात. अन् तिच्या अंगठ्यावर एक डाग आहे, लहानपणी बापाच्या आरतीचं ताट..."

बुवा थांबले.

ते ताट त्यांचंच होतं. त्या रात्री लेकीच्या अंगठ्याला त्यांनीच तूप लावलं होतं. पेटीचा सूर केव्हाच बंद पडला होता. बुवांनी चष्म्यावरून शेवंताकडं पाहिलं, आणि पुन्हा वहीकडं. उरलेलं त्यांनी सावकाश वाचलं. आवाज आता कीर्तनाचा नव्हता, घरातला होता.

"नायक अंधारात उभा आहे. दिवा लावला तर तिला दिसेन, अन् लुटारूलेही दिसेन. नाही लावला तर सोमवारी ती दुसऱ्या विमानात बसून निघून जाईन. नायकानं काय करावं..."

त्यांनी पान उलटलं. कोरं होतं.

तानाबाईंनी पदर तोंडाशी नेला. मागून कोणीतरी पुटपुटलं, "तांड्यातला पोट्टा, अन् याची हिंमत पाहा." ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"कोणाची वही हाय ही?" बुवांनी विचारलं.

मास्तर दोन पावलं पुढं आले. "माही, बुवा. चूक झाली. खरी वही ही हाय."

"खरं-खोटं मंग पाहू. आख्यान अर्धं ठेवून आरती होत नाही. पुढं काय झालं?"

"मले माहीत नाही जी."

"लिहिणाऱ्याले माहीत नाही?"

"ते माह्या हातात नाही, बुवा."

बुवांनी खाली, आपल्या पायांखालच्या गादीकडं पाहिलं. नारदाची गादी. आठ ग्रहांना एका घरात बसवलेलं त्यांनी इथंच, तासाभरापूर्वी. वामनबुवांचा गादीवरून गेलेला शब्द माघारी येत नाही, हे कळंबात सगळ्यांना ठाऊक होतं. बुवांनाही होतं. कपाळावरचा घाम त्यांनी उपरण्यानं पुसला. त्यात बुक्काही पुसला गेला.

"पेटीवाली," ते म्हणाले. ते तिला गादीवरून लेक म्हणत नसत. "सूर देशीन तर आख्यान पुढं जाईन. नाही देशीन तर इथंच संपलं म्हणून सांगतो. अन् या गावात कोणी कोणाले काही इचारणार नाही. तुह्या मनाचं पाह्य."

शेवंतानं मान वर केली नाही. सगळं गाव बघत होतं, ते तिला पाठीवर जाणवत होतं. डाव्या हातानं तिनं भाता ओढला. पेटीनं श्वास घेतला... तिनंही. मग डागाचा अंगठा पट्टीवर आला, आणि काळी दोनचा सूर मांडवात उभा राहिला. बारीक होता, पण सरळ होता.

बुवांनी डोळे मिटले. उघडले.

"मास्तर, इकडं या. आरतीचा दिवा लावा."

कोणी हललं नाही. मास्तरही नाही. जणू त्यांच्याशी दुसऱ्याच भाषेत कोणी बोललं होतं. मग त्यांनी वहाणा काढल्या, आणि बसलेल्या माणसांमधून वाट काढत ते आले. पहिली काडी मोडली. दुसरी ओलसर निघाली. तिसरी पेटली, आणि निरांजनाची ज्योत वर आली.

"दिवा लागला," बुवा म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता, पण कीर्तनाचा होता. "लुटारूनं पाह्यला, अन् तिनंही पाह्यला. आता जे व्हायचं ते उजेडात होईन. आख्यान संपलं."

मग मारोतरावांनी मृदंगावर थाप दिली, आणि ती चुकली नाही. बायकांकडून आरतीला पहिला आवाज लागला, मग गड्यांकडून. मघाशी पुटपुटलेल्या माणसानंही टाळी धरली. कुरकुरत धरली, पण धरली.

आरतीनंतर तानाबाई बुवांपाशी आल्या. "अन् वणीवाल्याइले आता काय सांगू?"

"सांग, ग्रह आडवे आले."

अंधार पडत होता. लोक कंदील घेऊन गल्लीगल्लीतून घरी निघाले होते. मास्तर कडुनिंबाखाली सायकलीपाशी उभे होते. शेवंता पेटी उचलून तिथं गेली. आज सगळ्यांदेखत.

"ही माही वही. मले दिलती ना?" तिनं लाल फडकं पुढं केलं. "सारं गाव वाचून गेलं, अन् म्याच नाही वाचली."

"मले वाटलं आता बुवा काठीच काढतीन."

"मलेबी." तिनं गल्लीतल्या कंदिलांकडं पाहिलं. "तांड्याचा कायदा मोडला तुमी. दिवा लावला."

"एक मोडला. दुसरा राह्यला हाय. नाव सांगाचा."

तेव्हा शेवंताच्या ध्यानात आलं. राठोड मास्तर, तांड्याचे मास्तर – दोन महिने ती एवढंच ऐकत आली होती.

"मंग सांगा की."

"फुलसिंग."

तिनं पेटी दुसऱ्या कडेवर घेतली. मग म्हणाली, "एकदा घेऊन पाहू द्या. लग्न झाल्यावर नवऱ्याचं नाव घेता येत नाही."

त्यांनी सायकलीची घंटी उगाच धरून ठेवली.

"फुलसिंग," शेवंता म्हणाली. पट्टी तीच होती, काळी दोन.