एका घरचा एकच बिल्ला

बायको गेल्याचं कळलं तेव्हा कारागीर दुकानात बसून एका चपलेच्या तळाला शेवटचे टाके घालत होता. दारात मेहुणा येऊन उभा राहिला. बहीणभाऊ मिळून देवीच्या दर्शनाला गेले होते. परत आला तो एकटाच.

“भाऊजी, ताई देवळाच्या मागच्या पायऱ्यांवरून पडली,” तो म्हणाला. “मागून तिला घेऊन गाडी येतेय.”

कारागिराने खाली पाहिलं. तोंडाआधी पाय बघायची त्याची तीस वर्षांची सवय. मेहुण्याच्या पायात कारखान्यातल्या कडक, कोऱ्या चपला होत्या आणि टाचांना फोड आले होते.

“मी दिलेल्या कुठे गेल्या?” असल्या वेळी माणूस भलतंच बोलतो.

“तुटल्या.”

कारागिराला राग आला. त्याचा दुहेरी टाका दहा वर्षं हलत नसे. मग मेहुण्याचं पहिलं वाक्य त्याच्या डोक्यात शिरलं आणि चपलांचं बोलणं तिथेच राहिलं.

पंधरा दिवसांनी तो एका खासगी तपासनीस बाईंकडे गेला. छापखान्याच्या वर त्यांची एक खोली होती. टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीला टेकलेली सायकल.

“पोलीस म्हणतात पाय घसरला,” तो म्हणाला. “वाटाड्याने मारलं तिला. पहाटे देवळात नेणारा तोच. तिची पिशवी उपडी करून टाकली होती. मला त्याचं घर शोधून द्या. पुढचं मी बघतो.”

“खिशात काय आहे?”

“रापी. चामडं कापायची.”

“टेबलावर ठेवा. आपण चामडं कापायला जात नाही आहोत.”

त्याने ती नाइलाजाने ठेवली.

“पिशवीतलं काय गेलं?”

“काही नाही. पाकीट होतं. गळ्यातलंही जागेवर होतं.”

“मग चोराने पिशवी उपडी केली ती झटकायला?”



“पोलिसांनी काय परत दिलं?”

“साडी, बांगड्या, गळ्यातलं, पिशवी. गाठोडं घरी आहे. मी सोडलं नाही. सोडवत नाही.”

“सोबत घ्या. आणि तिच्या चपला?”

 त्याने जन्मभर लोकांचे पाय सांभाळले आणि बायकोच्या चपला कुठे आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं देवळात पोचले. फार जुनं देऊळ. काळा दगड, वाकून शिरावं लागेल असं दार, मधोमध झिजून खोलगट झालेला उंबरठा. आत देवी, मोठ्या डोळ्यांची. मागच्या बाजूने उभ्या पायऱ्या कुंडाकडे उतरत होत्या. तळाशी ती सापडली होती.

बाईंनी हात जोडले. कारागिराने जोडले नाहीत.

“हिच्या दारात माझी बायको मेली आणि ही डोळे उघडे ठेवून बघत बसली,” तो म्हणाला.

“तिची साक्ष कोर्टात चालत नाही. चालेल अशी शोधू या.”

वाटाड्या दारापाशीच भेटला. काटकुळा, पान खाल्ल्यासारखा सतत जबडा हलवणारा. कारागिराने त्याची गचांडी धरली.

“अहो, सोडा! मी तिला पायऱ्यांपर्यंत नेलंच नाही!” वाटाड्या ओरडला. “लॉजवरून पाचला निघालो. चपलांच्या टपरीपाशी आलो तर तिने मागे पाहिलं, हसली, आणि म्हणाली, आता तू लागणार नाहीस. मी दुसरं गिऱ्हाईक बघायला पळालो.”

“कोणाकडे बघून हसली?” बाईंनी विचारलं.

“मी मागे बघितलं नाही. गिऱ्हाईक पुढे असतं, बाई.”

“खोटं बोलतोय,” कारागीर म्हणाला.

“खोटं बोलायचं असतं तर त्याने कोणीतरी बघितला असता. सोडा त्याला.”

चपला सांभाळणारा म्हातारा टपरीत दोरीचे तुकडे सोडवत बसला होता.

“आजोबा, पंधरवड्यामागे पहाटे एक बाई आली होती, आठवते?”

“मी तोंडं बघत नाही, पाय बघतो. तुमचे बघा, डावी टाच एका बाजूने झिजलीय.”

“तुमचं काम चालतं कसं?”

“एका घरची माणसं आली की सगळ्यांच्या चपला एका दोरीत. एक गाठोडं, एक बिल्ला. निम्म्या चपला नेल्या, निम्म्या राहिल्या, असला घोळ इथे नाही.”

“बिल्ला हरवला तर?”

“तर तासभर माझ्या शिव्या खायच्या. मग अख्ख्या गल्लीसमोर वर्णन सांगायचं. कोणी न्यायला आलं नाही तर महिनाभर मागच्या पेटीत.”

लॉजचा मॅनेजर भला माणूस होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“भाऊ तापाने पडून होता म्हणे. पहाटे मी झोपलेलो, मागचं दार उघडंच असतं. सातला पोलीस आले. बहीण गेली म्हटल्यावर बिचारा अनवाणी धावत सुटला. परत आला तोही अनवाणीच. दुपारी मीच त्याला समोरच्या दुकानातून चपला आणून दिल्या.”

“रक्ताचं नातं,” कारागीर पुटपुटला.

 बाईंनी मेहुण्याला जबाबासाठी बोलावून घेतलं होतं. तो संध्याकाळच्या गाडीने आला.

त्याच लॉजच्या खोलीत बसले. मॅनेजर होता. दारापाशी ठाण्याचा हवालदार. पोलिसांनी दिलेलं गाठोडं खाटेवर.

“तुम्ही देवळात गेलाच नाहीत?” बाईंनी विचारलं.

“पोलीस येईपर्यंत अंथरुणातून उठलो नाही. ताप होता.”

“ठीक. कारागीर, तुमची बायको जपून ठेवायची वस्तू कुठे ठेवायची?”

“पदराला गाठ मारून. पिशवीवर तिचा भरवसा नव्हता.”

“सोडा गाठोडं.”

त्याची बोटं जाड दोऱ्याला सरावलेली, तरी ती सोडवताना चुकली. साडी निघाली. पदराच्या टोकाला गाठ होती. आत पितळेचा बिल्ला. त्रेसष्ट.

मेहुण्याने बिल्ल्याकडे पाहिलं आणि दाराकडे पाहिलं. दारात हवालदार होता.

“पिशवी उपडी करणाऱ्याला पाकीट नको होतं,” बाई म्हणाल्या. “सोनं नको होतं. मग काय हवं होतं? जे तिच्याजवळ असून त्याचं होतं, ते. चपला पोलिसांना सापडल्या नाहीत, म्हणजे त्या टपरीवर आहेत आणि बिल्ला तिच्याजवळ. पण फक्त तिच्याच चपला असत्या तर मारणाऱ्याला बिल्ल्याची काय पडली होती? त्याच्याही त्याच दोरीत होत्या, म्हणून पडली होती. ती कोणाला तरी बघून हसली. आपल्या घरच्याला. म्हातारा घरच्यांनाच एक बिल्ला देतो.”

“ताईने कोणाबरोबरही...”

“तुम्ही अनवाणी धावलात. सगळ्यांना वाटलं, दुःखाने. घालायला होतं काय? आणि भाऊजींना सांगितलंत, तुटल्या. हे मला यांनी गाडीत सांगितलं, तेही तुमच्या पायातला माल किती वाईट, हे सांगताना.”

हवालदाराने बिल्ला नेला आणि दोरीने बांधलेल्या दोन जोड्या आणल्या. कारागिराने लहान जोडी मांडीवर घेतली. मोठी जमिनीवर ठेवली.

“हा तुझा अंगठा,” तो मेहुण्याला म्हणाला. “जन्माचा वाकडा. म्हणून इथे चामडं फुगवून घेतलं. ती म्हणाली होती, माझ्या भावाला चावायला नको. पाय घाल.”

“भाऊजी...”

“पाय घाल!”

मेहुण्याने पाय घातला. चपलेने तो ओळखला.

“आई राहते ते घर तिच्या नावावर होतं,” तो खाली बघत म्हणाला. “मला विकायचं होतं. ती म्हणाली, आई जिवंत असेतो सही करणार नाही, देवीसमोर सांगते. मी हात धरला, तिने झटकला. मी ढकललं. एकदाच.”

“एकदाच,” कारागीर म्हणाला. “आणि मग खाली उतरून तिची पिशवी चाचपलीस. ती तेव्हा जिवंत होती का?”

मेहुण्याने उत्तर दिलं नाही. कारागिराने पुन्हा विचारलं. पुन्हा नाही.

“ऐक. तुझी प्रत्येक तारीख मी गाठीन. पहिल्या बाकावर बसेन. तू सुटलास तर दाराबाहेर असेन. देवीला दया असेल, मला नाही.”

हवालदाराने त्याला त्याच चपलांत नेलं.

सासूबाई अजून त्याच घरात आहेत. मुलीचा पाय घसरला, एवढंच त्यांना माहीत आहे. मुलगा अजून कसा आला नाही, हे त्या रोज शेजारणीला विचारतात. कारागिराने त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.