रुक्माबाईंच्या नावाची अक्षरं

"ही अक्षरं आहेत की गमबूट घालून उभे राहिलेले हवालदार?"

समीक्षा बोलून गेली आणि तिची मैत्रीण शिल्पा फिसकन हसली. धुळ्यात मेडिकल आणि सलूनच्या मधल्या अरुंद इमारतीत शिल्पाच्या शेजाऱ्यांची अभ्यासिका आज सुरू होत होती. जळगावात जाहिरातींची डिझाइनं करणाऱ्या समीक्षाला नाजूक वळणाची अक्षरं आवडायची. पाटीवरची ही तर जाडजूड, एकमेकांना खेटलेली, प्रत्येक कान्याच्या तळाशी चौकोनी पाय!

शिडीवरून एक तरुण खाली उतरला.

"हवालदार मीच भरती केलेत," तो म्हणाला. "मी प्रशील."

समीक्षाचे कान तापले. "म्हणजे... मला तसं—"

"पाटी अरुंद, नाव लांब. अक्षरं बारीक केली असती तर आरामात मावलं असतं. पण आजीचं नाव बारीक करायला मन होईना." तो हसला, पण ओढून.

'रुक्माबाई तायडे अभ्यासिका'. समीक्षानं नाव आत्ता कुठे वाचलं. मागच्या खुर्चीवरून एक म्हातारे गृहस्थ मुकाट्यानं उठले आणि आत गेले. रुक्माबाईंचे पती, देवचंद आबा. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

परतीच्या बसमधून पारोळा गेलं, एरंडोल गेलं. समीक्षानं खिडकीबाहेर पाहिलंसुद्धा नाही.

आठवड्यानं शिल्पाकडून नंबर घेऊन प्रशीलचा मेसेज आला. त्या अक्षरांचा तो पूर्ण फॉन्ट करत होता. 'पु हे अक्षर जमत नाहीये. उकार कान्याच्या पायावर आपटतो. समीक्षा कराल?'

ती लाजेनं अर्धमेली झाली. तरी लिहिलं, 'तिथला पाय कापा. उकारच तोल सांभाळेल.'

मग रोज एक अक्षर येऊ लागलं. त्या ठासून भरलेल्या काळ्या आकारांतली माया तिला दिसू लागली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही. एका संध्याकाळी तो जळगावला आला. चहा पिताना ती म्हणाली, "एवढी दणदणीत अक्षरं काढणारा माणूस इतका हळू कसा बोलतो रे?"

"मोठ्यानं सांगायचं ते अक्षरं सांगतात. हळू सांगायचं ते मात्र... समीक्षा, मला—"

"थांब." तिचे डोळे भरले. "आबांची माफी मागितल्याशिवाय मला नाही ऐकवणार."

रविवारी ती धुळ्याला गेली. आबा अभ्यासिकेच्या दारातच बसले होते. ती खाली वाकली. "आबा, त्या दिवशी मी... आजींच्या नावाला हसले."

आबांनी तिला उठवलं. मग पाटीकडे बोट करून म्हणाले, "पोरी, लांबथीन बी बठ्ठं नाव दखास. माले तेवढंच जोयजे व्हतं." लांबूनही अख्खं नाव दिसतं, एवढंच त्यांना हवं होतं. त्यांनी आत हाक मारली, "चहा टाका रे!"

तिला रडू आवरेना.

प्रशील तिला स्टँडवर सोडायला आला. जळगावची गाडी लागली होती. तो चाचरत म्हणाला, "आज आबांसाठी आलीस ना?"

"हो. फक्त आबांसाठी."

त्याचा चेहरा उतरला. समीक्षा पायरी चढली, वळली. आता चेहऱ्यावर लाली होती, पण मान ताठ होती.

"पुढच्या रविवारी तुझ्यासाठी येईन. तेव्हा ते हळू सांगायचं राहिलंय ना, ते सांग... मी 'हो' म्हणणार आहे."